काकवीच्या रंगाचं रक्त

लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई "तुम्ही काय करता?" असं विचारते, तेव्हा मी आधी तिच्या ताटाकडे बघते. जेवण उरकत आलं असेल तर खरं सांगते, नाहीतर "कॉलेजात शिकवत होते" एवढ्यावर भागवते. कारण खरं सांगायचं तर मी उभं आयुष्य म्हशींच्या पोटातलं पाणी काढण्यात घालवलं, आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

आष्ट्याच्या पिंजाऱ्याची मी मुलगी. अब्बा गाद्या भरायचे. घरात कायम कापसाचे तंतू उडत असायचे, आणि उन्हाच्या तिरिपेत ते बघत बसायचा मला नाद होता. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गोष्टींची ओढ तिथंच लागली असावी. पुढं सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, डॉक्टरेट घेतली, सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. अम्मीला डॉक्टरेट कधी पटली नाही. "डॉक्टर झालीस ती झालीस, निदान माणसांची तरी व्हायची," असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची.

आता धंदा समजावून सांगते. म्हैस चारा खाते हे अर्धंच खरं आहे. कडबा, भुसा, उसाचं वाडं यातलं काहीही पचवायची ताकद म्हशीच्या अंगात नाही. ती फक्त चारा आत नेऊन देते. खातात ते दुसरेच. तिच्या पहिल्या मोठ्या पोटाला जनावरांचे डॉक्टर कोटीपोट म्हणतात. तिथं अंधार, ऊब, आणि हवेचा पत्ता नाही. अशा जागी असंख्य सूक्ष्मजीव राहतात, चारा कुजवतात, आंबवतात, आणि त्यांच्या उरल्यासुरल्यावर म्हैस जगते, वर आपल्याला दूध देते. माझ्या कामाचा दुसरा भाग रसायनांचा. आपण रानात जे ओततो, खत म्हणा, औषध म्हणा, ते पाण्यातून आणि वैरणीतून या पोटात पोचतं. तिथली मंडळी त्याचं काय करतात आणि ते त्या मंडळींचं काय करतं, एवढाच माझा विषय.

नमुना घ्यायचा म्हणजे म्हशीच्या तोंडात अडकण घालून नळी पोटापर्यंत सोडायची आणि हिरवट पाणी ओढून थर्मासमध्ये भरायचं. थर्मास अशासाठी, की या जीवांना थंडी सोसत नाही आणि हवा तर मुळीच सोसत नाही. परिणाम असा, की माझ्या हातातल्या कुठल्याही थर्मासमधला चहा आमच्या विभागात कुणी कधी घेतला नाही.

तर अशी मी एका उन्हाळ्यात प्रात्यक्षिक परीक्षा घेत असताना डॉ. मान्यांचा फोन आला. माने पलूस भागात जनावरांचे डॉक्टर. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, बोलायला शांत. त्या दिवशी मात्र आवाज चढलेला होता.

"मॅडम, कुंडलच्या पुढं एका वस्तीवर आहे. दोन म्हशी गेल्या, तिसरी पडलीय. रक्त काढलं तर चॉकलेटी निघालं. तुमच्याकडं मेथिलिन ब्लू आहे का? माझ्याकडचं संपलंय, दुकानात कुठं मिळत नाही."

मेथिलिन ब्लू म्हणजे निळा रंग. जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला आम्ही तो वापरतो. पण त्याचा आणखी एक गुण आहे. एका विशिष्ट विषानं निकामी झालेलं रक्त तो पुन्हा कामाला लावतो. माझ्या कपाटात इंजेक्शनला चालेल इतक्या शुद्ध पुडीची न फोडलेली बाटली होती. परीक्षा सहकाऱ्यावर सोपवली, बाटली पर्समध्ये टाकली आणि गाडी काढली.

वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उसाच्या मधोमध दोन घरं होती. वरच्या अंगाला सुभेदारांचं घर. सैन्यातून निवृत्त होऊन शेती करणारा, ताठ कण्याचा माणूस. उतारावर खालच्या अंगाला इलाहीभाईंचं. जमीन थोडीच, पण म्हशी चांगल्या बाळगलेल्या, दुधावर संसार. दोघांचे बांध लागून, आणि वागणंही तसंच लागून. त्या उन्हाळ्यात सुभेदारांच्या बोअरची मोटर जळाली, तेव्हा इलाहीभाईंनी आपल्या विहिरीवरून त्यांच्या गोठ्यातल्या हौदाला पाइप जोडून दिला. बदल्यात सुभेदारांनी आपल्या रानातलं हिरवं कडवळ, म्हणजे वैरणीची ज्वारी, त्यांच्या म्हशींना द्यायला सुरुवात केली. पाणी खालून वर, वैरण वरून खाली.

मी पोचले तेव्हा गोठ्यात म्हैस आडवी होती. मान लांब ताणलेली, तोंड उघडं, श्वास भात्यासारखा. सुभेदारांच्या पत्नी, शालनकाकू, तिच्या डोक्याशी बसून होत्या. त्यांनी म्हशीचा ओठ वर करून मला दाखवला.

"बघा बाई. हिरड्या बघा कशा झाल्यात. आन् मगा रगात काढलं डॉक्टरनी, तर काकवीवानी. रगात असं असतंय व्हय?"

मी तोवर हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. गुऱ्हाळावर काकवी बघितलेल्या बाईनं जो रंग सांगितला, तो पुस्तकापेक्षा नेमका होता.

मान्यांनी सलाइनमध्ये पूड विरघळवून, गाळून, मानेच्या शिरेत सावकाश सोडायला सुरुवात केली. सुभेदार हात मागं बांधून उभे होते, पहाऱ्यावरच्या शिपायासारखे. हळूहळू म्हशीचा श्वास लांब झाला. हिरड्यांवर गुलाबी छटा आली. मग तिनं मान उचलली, पुढचे गुडघे टेकले आणि एका हिसक्यात उभी राहिली. शालनकाकूंनी तिच्या गळ्यालाच मिठी मारली. माझ्या विषयाचा अभिमान तोवर नुसता डोक्यात होता, त्या दिवशी तो अंगात शिरला.

थोड्या वेळानं ती म्हैस मुतली आणि ते निळंहिरवं निघालं. सुभेदार दचकून मागं सरले.

"आवं डॉक्टर, ह्ये आनि काय?"

"रंग बाहेर पडतोय सुभेदार. घाबरू नका. दूध मात्र बरेच दिवस ओतून टाकायचं. रेडकालाही पाजायचं नाही."

इथपर्यंत सगळं नीट होतं. मग बांधावर जमलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, "पर झालं कशानं?" आणि माने सरळपणानं बोलून गेले, "नायट्रेटचं विष आहे. खतात असतं ते."

शास्त्र अर्धंच सांगितलं की काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. "खतात असतं" याचं चार तोंडांतून जाईपर्यंत "खत घातलं" झालं. घातलं तर कुणी? पाणी इलाहीचं. हौदाला पाइप त्याचा. आणि त्याच्या म्हशी? तेच पाणी, तेच कडवळ, आणि त्या तिकडं मजेत रवंथ करत होत्या. मेलेल्या दोनांतली एक मुऱ्हा म्हैस इलाहीभाईंनी मागं विकत मागितली होती आणि सुभेदारांनी दिली नव्हती, हेही कुणाला तरी आठवलं. बघता बघता उत्तर तयार झालं.

इलाहीभाई कुंपणापलीकडं उभे होते. साठीच्या आसपासचा बारीक माणूस. म्हैस उठली तेव्हा तेही आनंदानं पुढं आले होते. सुभेदार त्यांच्याकडं वळले.

"इलाही, हौदात काय टाकलंस?"

"सुभेदार, ह्ये तुमी इचारताय?"

"मी इचारतोय. तुज्या हिरीचं पानी लावलं तवापासनं माजी जनावरं पडाय लागली. तुजी का न्हाई पडली?"

इलाहीभाई वळले आणि घराकडं गेले. पाठ फिरवलेला माणूस लोकांना गुन्हेगारच वाटतो. संध्याकाळी दूध घेऊन गेले तर डेअरीवाल्यानं त्यांची कॅन घेतली नाही. "मिटल्यावर आना," म्हणाला. सकाळी पोलिसांत तक्रार द्यायचं सुभेदारांनी ठरवून टाकलं.

मला मात्र त्यांच्या एका प्रश्नानं धरून ठेवलं होतं. तुझी का नाही पडली? ज्यांना तो आरोप वाटत होता, त्यांना वाटो. माझ्या कानांना तो फार सुंदर प्रश्न होता. मी सुभेदारांना म्हटलं, "तक्रार द्यायला माझी ना नाही. फक्त उद्याचा दिवस थांबा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्या डोळ्यांसमोर काढून दाखवते. पटलं नाही तर मी स्वतः तुमच्याबरोबर चौकीत येईन."

गर्दीतून एकजण हळूच, पण ऐकू जाईल असं बोलला, "बाई बी त्येंच्यातल्याच हायत."

असं वाक्य माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आलं असं नाही. त्याला उत्तर द्यायचं नाही, काम दाखवायचं, हे मी कधीच ठरवलेलं. पण त्या दिवशी तेवढीही वेळ आली नाही, कारण सुभेदार गरकन वळले.

"ए, गप रं. मगा म्हस उठीवली तवा का न्हाई बोललास? पलटनीत सुई टोचनाऱ्याची जात इचारत बसलो असतो तर आज हितं उभा नसतो." आणि मला म्हणाले, "उद्या या बाई. पर माज्या डोळ्यांम्होरं. बाटल्या बी मीच भरनार."

"तुम्हीच भरा," मी म्हटलं. मला तेच हवं होतं.

विहिरीचं पाणी आणि कडवळाची थोडी धाटं मी परततानाच घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी प्रयोगशाळेत ते तपासलं. नायट्रेट भरपूर. धाटं पिळून त्यांचा रस तपासला, त्यातही भरपूर. सुभेदारांच्या बोअरचं जुनं पाणी शालनकाकूंच्या घरात एका पिंपात उरलेलं होतं, ते मान्यांनी पाठवलं. त्यात फारसं नव्हतं. चित्र जुळत होतं, पण चित्र मला जुळून उपयोग नव्हता. ते वस्तीला दिसायला हवं होतं.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल लावलं. शाळेला सुट्टी होती. वस्तीवरचे, गावातले बरेच लोक आले. इलाहीभाईही आले, एका खांबाला टेकून उभे राहिले. मान्यांनी दोन म्हशींच्या पोटातलं पाणी काढलं. एक इलाहीभाईंची, त्या विहिरीवर वर्षानुवर्षं वाढलेली. दुसरी सुभेदारांचीच, पण घराच्या अंगणात बांधलेली. ती नुकतीच व्यायल्यामुळं शालनकाकू तिला डोळ्यांसमोर ठेवून नळाचं पाणी आणि सुकी वैरण देत होत्या, म्हणून या प्रकारातून ती वाचली होती. नळी आत जाताना शेवटपर्यंत सुभेदार बाजूला उभे होते. दोन बाटल्या त्यांनी स्वतः भरल्या. विहिरीतलं पाणी स्वतः शेंदून आणलं, कडवळाचा रस स्वतः पिळला, आणि दोन्ही बाटल्यांत अगदी सारखं माप घातलं. बुचं घट्ट लावून बाटल्या आंघोळीच्या पाण्याइतक्या कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवल्या. म्हशीच्या पोटाची ऊब.

"आता थांबायचं," मी म्हटलं.

"किती?"

"रवंथाइतकं."

थांबण्याच्या त्या वेळात मी त्यांना सांगितलं ते असं. नायट्रेट नुसतं असताना म्हशीला फारसं बाधत नाही. पण तिच्या पोटातले काही जीव त्याचं नायट्राइट करतात. हे खरं विष. ते रक्तात गेलं की रक्त प्राणवायू उचलायचंच सोडून देतं, काकवीच्या रंगाचं होतं, आणि जनावर श्वास घेत असूनही गुदमरून मरतं. म्हणजे विष बाहेरून कुणी घातलंच पाहिजे असं नाही. ते पोटातच तयार होऊ शकतं.

"तसं असंल तर इलाहीच्या म्हशी बी मराय पायजेत," मागून एकानं विचारलं. बरोबर विचारलं.

मला त्या भागातल्या लोकांना सगळ्यात जवळची गोष्ट आठवली. "गुऱ्हाळात चरक रस काढतो आणि काहील तो आटवते. बरोबर? चरक जोरात फिरला आणि काहील लहान असली, तर काय होतं?"

"उतू जातंय," शालनकाकू म्हणाल्या.

"पोटात तसंच आहे. एक जमात नायट्राइट काढते, तो चरक. दुसरी जमात त्याचा अमोनिया करून संपवते, ती काहील. ज्या म्हशीला हे पाणी लहानपणापासून थोडं थोडं मिळत आलं, तिच्या पोटात दुसरी जमात वाढत जाते. काहील मोठी होते. जिला एकदम मिळालं, तिची काहील लहान. उतू जातं, ते रक्तात जातं. हे माझं म्हणणं झालं. खरं की खोटं, ते बाटल्या सांगतील."

प्रयोगशाळेत प्रयोग फसला तर माणूस चहा पिऊन पुन्हा करतो. इथं खांबाला टेकून एक माणूस उभा होता.

वेळ झाल्यावर दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं पाणी गाळून दोन स्वच्छ काचनळ्यांत घेतलं. या चाचणीत नायट्राइट असेल तर गुलाबी रंग येतो, जितकं जास्त तितका गडद. औषधाचे थेंब सुभेदारांनीच टाकले. त्यांच्या अंगणातल्या म्हशीची नळी बघता बघता गुलाबी झाली, मग गडद होत गेली, शेवटी गुलाल कालवावा तशी लालभडक. इलाहीभाईंच्या म्हशीच्या नळीत रंग येतोय की नाही, हे बघायला लोक पुढं वाकले. अगदी फिकट, गुलाबाच्या पाकळीचं पाणी असावं इतपतच.

"पानी तेच?" सुभेदारांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं.

"तुम्हीच शेंदलंत."

"रस तोच?"

"तुम्हीच पिळलात."

त्यांनी दोन्ही नळ्या उचलून उजेडात धरल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो कुणीतरी विचारेल याची मला धास्ती होती आणि जो विचारलाच जायला हवा होता.

"मग हिरीत ह्ये आलं कुठनं? इलाहीकडं तर खत घालायला ऊस बी न्हाई."

खोटं बोलण्याचा मोह झाला नाही, पण शब्द शोधावे लागले. "सुभेदार, त्यांची विहीर उतारावर आहे. वर तुमचा ऊस, तुमचं कडवळ. युरिया टाकायचा, वर पाटानं भरपूर पाणी सोडायचं. पिकाला लागतं तेवढं पीक घेतं. उरलेलं झिरपून खाली जातं. तुमच्या एकट्याचंच नाही, वरच्या सगळ्यांचं. पण सगळ्यात जवळचं रान तुमचं."

"म्हंजी माजंच खत माज्या म्हशींनी पेलं."

"होय."

सुभेदार टेबलापासून निघाले आणि खांबापाशी गेले. हळू आवाजात, बाजूला घेऊन, असं नाही. सगळ्यांना ऐकू येईल असं बोलले, परेडवर बोलावं तसं.

"इलाही, मी तुला वंगाळ बोललो. चारचौघांत बोललो, म्हनून चारचौघांत सांगतोय. चूक माजी हाय."

मला वाटलं, आता गळाभेट होईल. तसं झालं नाही, आणि म्हणूनच मला तो प्रसंग खरा वाटतो. इलाहीभाई म्हणाले, "सुभेदार, बोललेलं मी इसरंन. पर माजं दूध लोक घेईनात. त्ये कोन इसरवनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर इलाहीभाईंची दुधाची कॅन सुभेदारांच्या मोटारसायकलला बांधून आली. सुभेदारांनी ती स्वतः उतरवली, माप होईपर्यंत तिथंच उभे राहिले, आणि म्हणे रांगेतल्या प्रत्येकाकडं एकदा बघून घेतलं. हे मी पाहिलं नाही, मान्यांनी सांगितलं. नंतर बरेच दिवस कॅन तशीच येत राहिली.

माझं काम तिथं सुरू झालं, संपलं नाही. इलाहीभाईंच्या म्हशींच्या पोटातली ती दुसरी जमात वेगळी काढायची, वाढवायची, ती नायट्राइट किती वेगानं संपवते ते मोजायचं, हा माझ्या नोकरीच्या उरलेल्या वर्षांचा उद्योग झाला. प्रयोगशाळेत तिला अंक-अक्षरांचं लांबलचक नाव दिलं, पण आम्ही आपापसांत "इलाहीची मंडळी" म्हणायचो. तुलनेसाठी अशी जनावरं हवी होती ज्यांच्या पाण्यात खताचा अंशही नाही. म्हणून थर्मास घेऊन कोयनानगरच्या डोंगरात गेले. घाटातल्या वळणांनी मी आधीच हैराण. एका गोठ्यात म्हशीच्या घशात नळी घातली आणि भूकंपाच्या धक्क्यानं पायाखालची जमीन थरथरली. छपराच्या पत्र्यावर खडखडाट झाला. मी नळी सोडून पळायच्या बेतात, तर मालकीणबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन तशाच उभ्या.

"चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या. "ह्ये आमचं नेहमीचंच हाय. म्हशीला बी सवं हाय."

खरोखरच म्हैस हललीही नव्हती. सवय ही काय चीज आहे, यावर मी त्यांना व्याख्यान देणार होते. त्यांनीच मला दिलं. त्या म्हशीच्या पोटातल्या पाण्यानं पुढं आमच्या चाचणीत सगळ्यांत गडद रंग दिला. तिथं काहील अगदीच वाटीएवढी होती.

शोधनिबंध छापून आले. परदेशातल्या प्रयोगशाळांनी पत्रं पाठवून नमुने मागितले. एका परिषदेत माझं भाषण संपल्यावर ज्यांची पुस्तकं वाचून मी शिकले, असे एक गृहस्थ उठून स्वतः माझ्याकडं आले आणि माझ्या बाटल्यांची चित्रं पुन्हा दाखवायला सांगितली. पिंजाऱ्याच्या पोरीला आणखी काय हवं? अम्मी त्या वेळी हयात होती. मी तिला सांगितलं तर तिनं विचारलं, "म्हशी वाचल्या का?" वाचतात म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाली. तिच्याकडून मिळालेली ही एकमेव पदवी.

खंतही सांगते, नाहीतर हे लिहिणं बढाईचं होईल. ही मंडळी बाटलीत भरून दुकानात ठेवता येतील आणि शेतकरी नव्या जनावराला पाजेल, असं माझं स्वप्न होतं. ते झालं नाही. हवा लागली की ती मरतात, आणि हवेपासून जपत गावोगाव पोचवणं आमच्या कुवतीबाहेरचं ठरलं. आणि विहीर? ती अजून तशीच आहे. तिचं पाणी माणसांनी पिऊ नये, विशेषतः बाळाचं दूध त्यात कालवू नये, एवढं त्या भागात आता घरोघर माहीत आहे, आणि सुभेदारांनी युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्यानं टाकायला सुरुवात केली, ठिबक बसवलं. पण खत जमिनीत उतरायला वेळ लागत नाही, निघून जायला पिढ्या लागतात. म्हशीच्या पोटातली मंडळी शिकतात, तितक्या लवकर आपण शिकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

बाटलीत जे जमलं नाही, ते दुसऱ्या वाटेनं मात्र जमलं. एकदा नमुने घ्यायला गेले असताना सुभेदारांनी विचारलं, "बाई, ही मंडळी एका म्हशीकडनं दुसरीकडं जात्यात का?"

"जातात. जनावरं एकमेकांना चाटतात, एकाच हौदात तोंड घालतात, लाळ मिसळते. रेडकू आईकडून असंच घेतं."

त्यांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला गेले तर त्यांच्या गोठ्यात इलाहीभाईंच्या घरची एक रेडी बांधलेली. पूर्वी एका म्हशीवरून गावानं ज्याला संशयित ठरवलं, त्याच्या दारी सुभेदार स्वतः म्हैस मागायला गेले होते. इलाहीभाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. त्यांच्या घरच्यांनी रेडीच्या शिंगांना तेल लावून पाठवली आणि इकडं शालनकाकूंनी नव्या सुनेसारखी भाकरतुकडा ओवाळून आत घेतली.

पुढची दोन-तीन वर्षं मी सुभेदारांच्या सगळ्या गोठ्याचं पाणी तपासत राहिले. रंग फिकट होत गेला. तो रेडीच्या संगतीनं फिकट झाला की माझ्या सांगण्यावरून विहिरीचं पाणी थोडं थोडं वाढवत दिल्यानं लागलेल्या सवयीनं, हे वेगळं करून दाखवायला आम्हाला आणखी बरंच काम करावं लागलं. दोन्हींचा वाटा निघाला. पण सुभेदारांना तो फरक मान्य नव्हता. त्यांच्या लेखी सगळं श्रेय रेडीचंच.

मी निवृत्त व्हायच्या आधी दुसऱ्या एका विद्यापीठातले काही पाहुणे हे काम बघायला आले. त्यांत एक परदेशी बाई होत्या. त्यांना मी सरळ वस्तीवरच नेलं. सुभेदारांनी इलाहीभाईंनाही बोलावून घेतलं होतं. दोघं म्हातारे आता गोठ्यात शेजारी उभे. ती रेडी तोवर मोठी म्हैस झालेली, दोन वेतं झालेली, निवांत रवंथ करत होती. परदेशी बाईंनी कौतुकानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकरवी विचारलं, की ही म्हैस या दोघांपैकी कुणाची?

सुभेदारांनी इलाहीभाईंकडं एकदा बघितलं.

"म्हस माजी हाय," ते म्हणाले, "पोट ह्याचं हाय."

इलाहीभाई हसले, आणि मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पाहुण्या बाईंनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली, पण इतकं नेमकं वाक्य मला एकदाही लिहिता आलं नाही.